दुखणें आणि कर्ज



मार्ककृत शुभवर्तमानाच्या ५ व्या अध्यायांत बारा वर्षें रक्तस्रावानें पीडलेल्या स्त्रीची गोष्ट आहे. तिच्या विश्वासावर आपण पुष्कळ प्रवचनें ऐकलीं. परंतु मार्क आणखी एक गोष्ट सांगतो, तिजकडे फारसें लक्ष जात नाहीं. अनेक वैद्यांच्या पायीं तिचें सर्व द्रव्य संपलें होतें, आणि दुखणें मात्र वाढत गेलें होतें.

जामनेर तालुक्यांत हें दुसरें दुखणें आपल्या ओळखीचें आहे. कपाशीचा पैसा दिवाळीच्या सुमारास हातीं येतो. पण छातींतील कळ किंवा अडलेली बाळंतीण श्रावणांतही येते. मग रात्रींच गाडी ठरवून जळगांवास जावयाचें, खाजगी दवाखान्यांत अनामत भरावयाची, आणि सकाळीं सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसावयाचें. रोगी बरा होऊन घरीं येतो, तोंवर शेत गहाण पडलेलें असतें. अशा कुटुंबास कित्येक उपदेशक उधळेपणाबद्दल बोध करितात, हें मला योग्य वाटत नाहीं. लग्नाच्या जेवणावळीचें कर्ज निराळें, आईच्या शस्त्रक्रियेचें निराळें. त्या घाईच्या घटकेस एक माहितगार माणूस जवळ असता, तर कित्येक शेतें वांचलीं असतीं.

तो माणूस उपदेशकानें व्हावें. राज्य सरकारची जीवनदायी आरोग्य योजना २०१२ सालीं आठ जिल्ह्यांत सुरू झाली. आपल्या खानदेशांतील धुळें त्यांपैकीं एक. २०१३ सालीं ती सर्व महाराष्ट्रास लागू झाली, आणि २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचें नांव आहे. आतां तिच्यांत एका कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचारांची सोय आहे. मात्र ती ठरलेल्या रोगांस, आणि यादींतील रुग्णालयांतच मिळते. म्हणून गाडी सुटण्यापूर्वीं रुग्णालय यादींत आहे कीं नाहीं हें विचारावें, व तेथें पोहोंचतांच 'आरोग्यमित्र' कोठें बसतो हें विचारावें. शिधापत्रिका व आधार कार्ड बरोबर असावें. (हे कागद पावसांत भिजून लगदा झालेले मीं पाहिले आहेत, पत्र्याच्या डब्यांत ठेवा.)

साध्या दुखण्यास प्रथम सरकारी दवाखाना पाहावा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार विनामूल्य आहेत. धर्मादाय रुग्णालयांनींही शेंकडा १० खाटा निर्धनांसाठीं फुकट व १० सवलतीनें राखाव्या, असा मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानें २००६ पासून नियम आहे. पण मागितल्यावांचून ती खाट सहसा कोणी देत नाहीं.

इतकें करूनही गाडीभाडें व रोग्याजवळ बसणाऱ्याची बुडालेली मजुरी उरतेच. तें ओझें मंडळीनें आपल्या निधींतून उचलावें.

ज्यांचें शेत आधींच सावकाराकडे गेलें आहे, त्यांनीं त्याचा परवाना पाहावा. विनापरवाना सावकारी २०१४ च्या कायद्यानें गुन्हा आहे, व अशा कर्जापोटीं गेलेल्या जमिनीसाठीं सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करितां येतो. ज्यास लिहितां येत नाहीं, त्याचा अर्ज उपदेशकानें रविवारची उपासना संपल्यावर तेथेंच बसून लिहून द्यावा.