दोन मिनिटांचे मौन : रिवाज की प्रार्थना?



स्वातंत्र्यासाठी प्राण वेचलेल्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी ३० जानेवारीला, गांधीजींच्या हत्येच्या दिवशी, सकाळी ११ वाजता देशभर दोन मिनिटे मौन पाळले जाते. कार्यालयांत लोक उभे राहतात. रस्त्यावर मात्र सर्व काही सुरूच असते. ही बेफिकिरी केंद्रीय गृह मंत्रालयानेही आपल्या पत्रात नोंदवली आहे.

काही जण म्हणतात, ही इंग्रजांची पद्धत. ते खरे आहे. पहिले महायुद्ध थांबल्याला वर्ष झाले तेव्हा, ११ नोव्हेंबर १९१९ रोजी, राजा पंचम जॉर्ज यांच्या आवाहनावरून ती सुरू झाली. पण त्या युद्धात मराठा पलटणींचे जवानही मेसोपोटेमियात पडले होते. दुसरे काही विचारतात, मौनाने शहिदाच्या घरची चूल पेटते का? हा प्रश्न रास्त आहे.

पवित्र शास्त्र काय सांगते? मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकात (१२:३८-४५) लढाईत पडलेल्या सैनिकांच्या अंगरख्याखाली मूर्तींचे ताईत सापडतात. ते पापात मेले होते, तरी यहूदा त्यांना विसरत नाही. सर्व जण प्रार्थना करतात. मग तो वर्गणी गोळा करून सुमारे दोन हजार द्राख्मा चांदी पापार्पणासाठी यरुशलेमला पाठवतो. म्हणजे स्मरणाला प्रार्थनेची आणि खिशाचीही जोड हवी.

महायुद्धातील अगणित मृतांचा विचार करूनच पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी १९१५ साली, सर्व मृतांच्या दिवशी, २ नोव्हेंबरला, प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा अर्पण करण्याची परवानगी दिली. ती आजही आहे. त्यांतील एक मिस्सा सर्व मृतांसाठी असते. तिथे आपला सैनिक आणि शत्रूचा सैनिक असा भेद नाही. शत्रूवर प्रीती करा, असे प्रभूने सांगितले; त्याच्या मृतांना आपण कसे वगळणार?

आणि आपल्या जवळचे? २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतील स्फोटात ८ कामगार दगावले. ते सीमेवर नव्हते, पण सैन्यासाठी लागणारी सामग्री बनवतानाच गेले. त्यांच्यासाठीही मौन हवे.

मिस्सामध्ये ‘आपण प्रार्थना करू या’ असे म्हणून फादर क्षणभर थांबतात. ती थांबण्याची वेळ आपल्या मनातील हेतू देवापुढे ठेवण्यासाठी असते. ३० जानेवारीचे मौनही तसेच भरा : घड्याळाकडे पाहू नका, एक नाव मनात घ्या.

घरी विचार करा :
१. माझ्या मौनात कोणाचे नाव असते?
२. शत्रूच्या मृतासाठी मी कधी प्रार्थना केली आहे का?
३. ज्या घरचा कर्ता गेला, त्या घरी मी शेवटचा कधी गेलो?