पगारवाढ घ्यावी की नाकारावी?



बिलाची चौकशी करायला गट कार्यालयात आलेले आपले एक सभासद परवा म्हणाले, "पोरगा पुण्याला कंपनीत आहे. वर्षाला चाळीस हजार वाढवून देतायत, पण त्यो नको म्हणतोय. वरच्या टप्प्यात गेलं की म्हणे सगळ्या पगारावर जादा कर बसतो."

आपल्या बऱ्याच घरांतील मुले-मुली आज नोकरीत आहेत. तेव्हा हा हिशेब एकदा नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

पाटाचे पाणी आठवा. दारं धरणारा पहिला वाफा भरतो, मग दुसऱ्याचं दार फोडतो. तिसऱ्या वाफ्यात पाणी गेलं म्हणून पहिल्यातलं काही हलत नाही. कराचे टप्पे तसेच आहेत. वरचा दर फक्त वरच्या टप्प्यातील रकमेलाच लागतो.

नव्या करपद्धतीत २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी दर असे आहेत :

पहिले ४ लाख : कर नाही
४ ते ८ लाख : ५ टक्के
८ ते १२ लाख : १० टक्के
१२ ते १६ लाख : १५ टक्के
१६ ते २० लाख : २० टक्के
२० ते २४ लाख : २५ टक्के
२४ लाखांवर : ३० टक्के

पगारातून आधी ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. निघालेल्या करावर ४ टक्के उपकर बसतो.

आता त्या मुलाचा हिशेब करू. समजा, वजावटीनंतर त्याचे उत्पन्न १५,९०,००० रुपये आहे. त्यावर कर १,१८,५०० रुपये. वाढ घेतली की उत्पन्न १६,३०,००० आणि कर १,२६,०००. फरक ७,५०० आणि उपकर ३००. म्हणजे ४०,००० पैकी ७,८०० सरकारात गेले आणि ३२,२०० घरी आले. वाढ नाकारली असती तर हे ३२,२०० बुडाले असते.

मात्र एका जागी त्या मुलाची भीती थोडी खरी आहे. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सूट मिळून कर शून्य होतो. त्यावर रुपया गेला की ही सूट जाते. १२,१०,००० वर एरवी ६१,५०० कर झाला असता, पण कायद्याने सवलत दिली आहे, की १२ लाखांवर जेवढी रक्कम, त्याहून जास्त कर घ्यायचा नाही. म्हणून कर १०,००० आणि उपकर ४००. दहा हजारांची वाढ सगळी गेली, वर चारशे पदरचे! साधारण १२,७०,००० पर्यंत हीच गत. त्यापुढे मात्र वाढीतले हातात राहू लागते. तरीही या पट्ट्यातली वाढ सोडू नये, कारण पुढची वाढ याच आकड्यावर धरली जाते.

आता आपल्या उसाचे. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे हे सर्वांना ठाऊक आहे. पण १९७३ च्या वित्त अधिनियमापासून ते दर ठरविण्यासाठी हिशेबात धरतात. मुलाच्या नावे शेतीचे निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांपेक्षा जास्त आणि बाकीचे ४ लाखांपेक्षा जास्त असेल, तर दोन्ही मिळवून कर काढतात, आणि शेतीचे उत्पन्न अधिक ४ लाख यांवरील कर त्यातून वजा करतात. नोकरीचे करपात्र १४ लाख असता कर ९०,००० होतो. त्यात शेतीचे ३ लाख आले की तोच १,२५,००० होतो; उपकर वेगळा. ही वाढ पगारवाढीमुळे आली असे मूल समजते, पण ती येते उसाच्या बिलातून.

जमीन वडिलांची असून ते स्वतः कसत असतील, तर ते उत्पन्न सज्ञान मुलाच्या हिशेबात येत नाही. म्हणून सात-बारा आणि उसाची नोंद कोणाच्या नावे आहे ते आधी पाहा. लागवड, खते, मजुरी यांच्या पावत्या जपून ठेवा, कारण धरायचे ते निव्वळ उत्पन्न.

आणि पोराला सांगा, वाढ नाकारण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बस.