‘सर्व विंडोजवर चालते’ म्हणे

वाळूज एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. ऑफिसात विंडोज ११ असतं. शॉप फ्लोअरवर, मशीनला खेटून, तेलकट कीबोर्डाचं विंडोज ७. मालक चिकट आहे म्हणून नव्हे. मशीनच्या कार्डाचा ड्रायव्हर पुढच्या विंडोजसाठी निघालाच नाही, आणि मशीन तर अजून ठणठणीत आहे.

अशाच एका पीसीवर मोजमापांच्या नोंदी ठेवणारा प्रोग्रॅम टाकायचा होता. वेबसाइटवर ठळक अक्षरांत होतं, ‘सर्व विंडोजवर चालते’. पैसे भरले, सेटअप बिनबोभाट झाला आणि आयकॉनवर क्लिक करताच डीएलएल सापडत नसल्याचा एरर. बरीच फोनाफोनी झाल्यावर कस्टमर केअर म्हणालं, विंडोज १० तरी हवं. पैसे परत मिळाले नाहीत.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनो, ‘चालतं’ एवढ्यावर आमचं भागत नाही. तुम्ही त्या विंडोजवर तपासून पाहिलंय आणि बिघडलं तर दुरुस्त कराल, की कुणाकडे चालताना दिसलं एवढंच? चालणारच नसेल तर तसं सरळ लिहा, आणि तेही डाउनलोडच्या बटणापाशी. पायथॉनवाले ३.९ आणि पुढच्या आवृत्त्या विंडोज ७ वर चालणार नाहीत, हे डाउनलोडच्या पानावरच सांगतात. क्रोमची १०९ ही विंडोज ७ साठी शेवटची आवृत्ती, हेही गूगलनं आधी जाहीर केलं होतं.

काही जण मायक्रोसॉफ्टच्या तारखांकडे बोट दाखवून मोकळे होतात: विंडोज ७ चा नेहमीचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. पण ती मायक्रोसॉफ्टची तारीख झाली. तुमची कोणती?

सर्व्हिस पॅक १ लागतो का, ३२ बिटवर चालतं का, हेही लिहा. आमच्याकडे ३२ बिटचे पीसी अजून पुष्कळ आहेत. नवी आवृत्ती आली म्हणून जुन्या विंडोजवर चालणारी शेवटची आवृत्ती काढून टाकू नका. तिला आता सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत, असं शेजारी स्पष्ट लिहा, म्हणजे मी तो पीसी नेटवरून काढतो आणि सेटअप पेनड्राइव्हनं नेतो. आणि नेटशिवाय लायसन्स ॲक्टिव्हेट होत नसेल, तर तेही पैसे घेण्याआधी कळू द्या.