कळपाचा राखणदार

प्रश्न : लांडग्यांपासून चाळीस दख्खनी मेंढ्या राखण्यासाठी विलायती बॉर्डर कॉली घ्यावा काय?
— एक मेंढपाळ, माण तालुका

उत्तर : इंग्लंड-स्कॉटलंडच्या सरहद्दीवर निपजलेला, 1893 साली जन्मलेल्या ओल्ड हेम्प या कुत्र्यास मूळपुरुष मानणारा हा वंश कळप वळविण्यात अद्वितीय खरा, परंतु लांडग्यांचा बंदोबस्त हे त्याचे प्रयोजनच नव्हे. त्यापेक्षा धनगरवाड्यावर मेंढ्यांतच वाढलेल्या कुत्रीचे सुमारे आठ आठवड्यांचे पिल्लू आणून कोकरांच्या सहवासात ठेवावे, म्हणजे कळपालाच ते आपले गोत मानू लागते.

एक गोष्ट मात्र आग्रहपूर्वक सांगतो : मेलेल्या मेंढीचे डोके त्यास कदापि खाऊ घालू नये, कारण त्यातील गाठींपासून कुत्र्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो आणि त्याची अंडी चाऱ्यावाटे पोटात गेलेल्या मेंढ्यांना मेंदूत गाठी होऊन गरगर फिरण्याचा घातक रोग जडतो. जंतांचे औषध व रेबीजची लस पशुवैद्यांकडून वेळच्या वेळी द्यावी.