मुंबईच्या थंडीत रोपांना पांघरूण?

प्रश्न : चाळीच्या गॅलरीत पिटुनिया, पॅन्सीची रोपं केली आहेत. थंडीसाठी क्रॉप कव्हर घालू का? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : थंडीसाठी मुळीच नको. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं, तिथे स्ट्रॉबेरी झाकावी लागते. कुलाब्याचा नीचांक मात्र ११.७ अंश, तोही २२ जानेवारी १९६२चा. एवढा गारवा या रोपांना मानवतोच. उलट कापडाखाली दमटपणा कोंडला की मर लागते : खोड मातीलगत काळं, दोऱ्यासारखं बारीक होतं आणि रोप आडवं पडतं.

जपायचं ते दुपारच्या उन्हापासून. गॅलरी पश्चिमेची असेल तर ५० टक्के सावलीची हिरवी नेट बांधा. रोपं सावरली की काढा. पाणी सकाळीच, बुडाशी. कबुतरांसाठी जाळी मात्र हवीच, ती कोवळे शेंडे खुडतात.