फिजिओथेरपी क्लिनिक: मशीन घेण्याआधी हा हिशोब करा

व्हिडिओतला हिशोब इथे सविस्तर देतोय. वही-पेन घेऊन बसा. उदाहरण फिजिओथेरपिस्टचं आहे, पण पार्लर असो की शिकवणी, सेवा विकणाऱ्या प्रत्येकाला ते लागू पडेल.

इंटर्नशिप धरून बीपीटी संपली, राज्य परिषदेची नोंदणी हातात आली, की डोक्यात गाळा आणि मशीन सुरू होतं. थांबा. आधी सांगा, तुम्हाला कोणते पेशंट बघायला आवडतात? जागा, वेळ आणि खर्च त्यावरच ठरतो.

- पक्षाघाताचे पेशंट: अनेकांना सुरुवातीला क्लिनिकपर्यंत येणंच अवघड. म्हणजे होम व्हिजिट. गाळ्याआधी दुचाकी लागेल.
- खेळाडू: त्यांचा सराव सकाळ-संध्याकाळ. तुमची वेळ त्यांच्या वेळेशी जुळायला हवी, जागा मैदानाजवळ असली तर उत्तम.
- बाळंतपणानंतरच्या तक्रारी: महागड्या मशीनपेक्षा दार बंद होणारी स्वतंत्र खोली महत्त्वाची.

आता आकडे. हे फक्त समजण्यासाठी आहेत, तुम्ही तुमच्या गावचे घाला. भाडं १२,०००, मदतनीस ८,०००, मशीनचा हप्ता ५,०००, वीज-फोन ३,०००. एकूण २८,००० रुपये. फी ३५० धरली, तर महिन्याची ८० सेशन नुसत्या खर्चातच गेली! घरी ३०,००० न्यायचे असतील तर १६६ सेशन हवीत. महिन्याचे २५ दिवस काम केलं, तर रोज सात पेशंट. पहिल्या महिन्यापासून येतील का? स्वतःशी खरं बोला.

होम व्हिजिटची फी कशी ठरवायची? पाऊण तास व्यायाम, पाऊण तास जाणं-येणं. या दीड तासात क्लिनिकमध्ये दोन पेशंट झाले असते, म्हणजे ७०० रुपये. क्लिनिक भरलेलं असेल, तर ७०० अधिक पेट्रोल याच्या खाली जाऊ नका. पण क्लिनिक रिकामं असेल किंवा अजून घेतलंच नसेल, तर थोड्या कमी फीतही होम व्हिजिट परवडते. कारण तिथे भाडं नाही, आणि ओळख वाढते.

कोर्सचंही तसंच. पैसे भरण्याआधी विचारा, गेल्या महिन्यातल्या किती पेशंटना याचा उपयोग झाला असता? उत्तर "एक-दोन" असेल, तर तो कोर्स सध्या राहू द्या.

गृहपाठ: शेवटच्या २० पेशंटची यादी करा. इंटर्नशिपमधले चालतील. नावं नकोत, फक्त तक्रार लिहा. कोणतं काम आवडलं आणि तुमच्या भागात त्याची गरज कुणाला आहे, हे समोर मांडा. दोन्ही जिथे जुळेल, तिथून सुरुवात. हप्त्यावरची मशीन त्यानंतर!