दोनशे तासांचे अंतर

पाठपरिचय

प्रवासी विमानाच्या पुढच्या कक्षात बसणारी माणसे समाजाच्या कोणत्या थरांतून येतात, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. या पाठात तोच विचारला आहे. वैमानिकाच्या व्यवसायात स्त्रिया, दलित, आदिवासी आणि इतर वंचित समाजांतील माणसे संख्येने थोडी का राहिली आणि प्रशिक्षणाची सोय झाल्यावर काय घडले, हे आपण पाहणार आहोत.

शिकवणारे विमान

बंगळुरूच्या पूर्वेस कृष्णराजपुरम, म्हणजेच बोलण्यातले के. आर. पुरम, हे उपनगर आहे. रेल्वेस्थानक, डिझेल इंजिनांची शेड आणि शेजारच्या दूरवाणीनगरातील टेलिफोनचा सरकारी कारखाना यांच्या आधाराने येथे कामगारांची वस्ती वाढली. येथून काही किलोमीटरांवर हिंदुस्थान एरोनॉटिक्स या कंपनीचा विमानतळ आहे. मे २००८ मध्ये देवनहळ्ळीचा नवा विमानतळ सुरू होईपर्यंत शहराची प्रवासी विमाने याच धावपट्टीवर उतरत असत. विमान पाहण्यासाठी या भागातल्या मुलांना मान वर करण्यापलीकडे काही करावे लागत नसे. विमान चालवण्यासाठी मात्र बरेच काही लागते.

या विमान कारखान्याचा पाया १९४० साली सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीने घातला. भारतात आरेखन होऊन येथे मोठ्या संख्येने बांधले गेलेले पहिले विमान प्रवासी नव्हते आणि लढाऊही नव्हते. एचटी-२ हे उड्डाण शिकवणारे विमान होते. जर्मनीतील गॉटिंगन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली त्याचे आरेखन झाले आणि १९५१ साली ते प्रथम आकाशात झेपावले. त्यात एकामागे एक अशी दोन आसने होती व दोन्ही आसनांपुढे नियंत्रणाची सारखीच साधने होती. विद्यार्थ्याचा हात चुकला तर शिक्षकाच्या हाताने तो सावरावा, अशी ती योजना. वैमानिक जन्मावा लागत नाही, तो शिकवून तयार करता येतो, हे या दोन आसनांत गृहीत धरलेले आहे. १९५७ साली स्वतंत्र झालेल्या घाना या आफ्रिकी देशाने १९५९ मध्ये भारतीय अधिकाऱ्यांच्या मदतीने आपले वायुदल उभारण्यास आरंभ केला, तेव्हा तेथील तरुणांना शिकवण्यासाठी बंगळुरूची एचटी-२ विमाने गेली होती.

दोन कुलपे

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. कठोर वैद्यकीय तपासणी होते. हवाई मार्गनिर्देशन, हवामानशास्त्र, हवाई नियम व विमानाचे तांत्रिक ज्ञान या विषयांच्या परीक्षा द्याव्या लागतात. यांखेरीज भारतात २०० तासांचे उड्डाण आवश्यक असते. त्यांपैकी किमान १०० तास विद्यार्थ्याने विमानाची सारी जबाबदारी स्वतः सांभाळून उड्डाण केलेले असावे लागते.

खरी अडचण या तासांत आहे. पुस्तक ग्रंथालयातून आणता येते, मित्राकडून मागून घेता येते. उड्डाणाचा तास उसना मिळत नाही. प्रत्येक तासाला इंधन जळते, इंजिनाची देखभाल करावी लागते, विमा आणि शिक्षकाचे वेतन द्यावे लागते. सगळा खर्च चाळीस-पन्नास लाख रुपयांच्या घरात जातो. बँक कर्ज देते, पण एवढ्या रकमेसाठी तारण मागते. ज्याच्या घरी शेत नाही आणि राहते घरही भाड्याचे आहे, त्याने तारण कोठून आणावे?

आरंभीचे वैमानिक पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. जे. आर. डी. टाटा यांनी १९२९ साली मुंबईच्या फ्लाइंग क्लबमध्ये शिकून परवाना मिळवला. १९३६ साली लाहोर येथे साडी नेसून विमान उडवणाऱ्या सरला ठकराल यांचे पती स्वतः टपालविमानाचे वैमानिक होते. पतीच्या अपघाती मृत्यूनंतर सरलाबाईंनी व्यावसायिक परवान्याची तयारी सुरू केली. पण दुसऱ्या महायुद्धामुळे नागरी प्रशिक्षण थांबले आणि त्यांचा तो मार्ग बंद झाला. अशा घरातील स्त्रीचीही वाट प्रशिक्षण बंद पडताच अडली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

अमेरिकेत कुलूप आणखी वेगळे होते. कृष्णवर्णीय असल्यामुळे बेसी कोलमन यांना तेथील एकाही विमानशाळेने प्रवेश दिला नाही. त्यांनी फ्रान्सला जाऊन १९२१ साली परवाना मिळवला. पुढे १९३९ मध्ये तेथील केंद्र सरकारने महाविद्यालयांमार्फत उड्डाण शिकवण्याची योजना आखली आणि अलाबामा राज्यातील टस्कीगी ही कृष्णवर्णीयांची शिक्षणसंस्था तीत सामील झाली. युद्धकाळात टस्कीगी येथे सुमारे एक हजार कृष्णवर्णीय लष्करी वैमानिक तयार झाले. ‘या लोकांना विमान जमणार नाही’ असे म्हणणाऱ्यांना यापरते उत्तर कोणते हवे होते? तरीही युद्ध संपल्यावर प्रवासी कंपन्यांनी त्यांना नोकरीवर घेतले नाही. मार्लन ग्रीन या अनुभवी वैमानिकाला न्यायासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. १९६३ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. म्हणजे शिक्षणाचे कुलूप उघडले तरी नेमणुकीचे दुसरे कुलूप पुढे असतेच.

आपल्याकडचा अनुभव

आपल्याकडे स्त्रियांना दोन्ही कुलपे उघडावी लागली. नोव्हेंबर १९८५ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या फॉकर फ्रेंडशिप विमानाने कोलकात्याहून सिलचरकडे उड्डाण केले. त्याच्या कक्षात कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि सहवैमानिक निवेदिता भसीन होत्या; पुरुष कोणीही नव्हता. ११ जानेवारी २०२१ च्या पहाटे बंगळुरूच्या विमानतळावर सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेले एअर इंडियाचे विमान उत्तर ध्रुवाच्या परिसरावरून सुमारे १६,००० किलोमीटर अंतर कापून उतरले. झोया अगरवाल, पापागारी तन्मई, आकांक्षा सोनावरे आणि शिवानी मन्हास या चौघींनी ते चालवले होते. भारतीय वैमानिकांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १५ टक्के असल्याचे सरकारने सांगितले आहे. जगाची सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास आहे.

ही संख्या आनंदाची आहे. पण लाखो रुपये भरू शकणाऱ्या घरांतल्या मुलीच तेवढ्या पुढे आल्या, तर एक भिंत पडून दुसरी जागच्या जागी राहील. म्हणून २०१९ साली घडलेली एक घटना मला अधिक महत्त्वाची वाटते. ओडिशातील मलकानगिरी या दुर्गम जिल्ह्यातील अनुप्रिया लाक्रा ही आदिवासी तरुणी त्या वर्षी एका खासगी कंपनीत सहवैमानिक झाली. तिचे वडील पोलीस हवालदार. अभियांत्रिकीचे शिक्षण मध्येच सोडून तिने हा मार्ग धरला होता.

असे मार्ग रुंद करण्याचे काम सार्वजनिक संस्थाच करू शकतात. उत्तर प्रदेशातील फुरसतगंज येथे १९८५ साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीत अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांसाठी राखीव जागा आहेत. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत व्यावसायिक वैमानिक परवान्याचा अभ्यासक्रम समाविष्ट आहे. महाराष्ट्रात ‘महाज्योती’ या संस्थेने इतर मागासवर्गीय व भटक्या-विमुक्त समाजांतील निवडक विद्यार्थ्यांना नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये प्रशिक्षण देण्याची योजना राबवली. जागा मोजक्याच असतात, हे खरे. पण एका घरातला पहिला वैमानिक तयार झाला की गल्लीतल्या दहा मुलांना त्या परवान्याचे नाव तरी कळते.

आपल्या मुक्त विद्यालयाचा या विषयाशी थेट संबंध आहे. परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित हे विषय असण्याची अट अनेक वर्षे राहिली आहे; ती शिथिल करण्याविषयी २०२५ साली चर्चा सुरू झाली. कला किंवा वाणिज्य शाखेतून बारावी झालेले अनेक जण हे दोन विषय मुक्त विद्यालयातून पूर्ण करून प्रशिक्षणाला पात्र झाले आहेत. शाळा मध्येच सुटलेल्यांनाही हाच रस्ता खुला आहे. मात्र कोणत्याही संस्थेत शुल्क भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. पैसे भरल्यावर अपात्रता कळली, तर नुकसान भरून निघत नाही.

स्वाध्याय

१. ‘उड्डाणाचा तास उसना मिळत नाही’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

२. लेखकाने ‘दोन कुलपे’ कोणती सांगितली आहेत? मार्लन ग्रीन यांच्या उदाहरणातून दुसरे कुलूप कसे दिसते?

३. आपल्या परिसरातील एखाद्या व्यवसायात कोणत्या समाजगटाची माणसे फारशी दिसत नाहीत, याचे निरीक्षण करा आणि त्याची कारणे आठ-दहा ओळींत लिहा.